नॉर्मल नंबर एकतीस

लग्नाकार्यात अजूनही कोणी ना कोणी मला गाठतंच. हातात ताट, ताटात जिलबी, आणि तोंडात एकच प्रश्न: "तुम्ही डबल डॉक्टर होणार होता ना हो? मग काय झालं?" मी दर वेळी तेच सांगते, "एकच डॉक्टर धड होईना, तिथं दुसरी कुठून आणू?" लोक हसतात आणि मठ्ठ्याकडे वळतात. खरं उत्तर जिलबी खाता खाता ऐकण्यासारखं नाही. आता बडे सर नाहीत, बाबा नाहीत, आणि मी गप्प बसण्यात कोणाचाच फायदा उरलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

प्रताप नगर तेव्हा अर्धं वस्ती आणि अर्धं शेत होतं. बाबा पोस्टात टपाल वेगळं करायच्या कामावर होते. सोसायटीच्या प्लॉटवर त्यांनी दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे पत्र्याचा ओटा एवढं बांधलं होतं. बाबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी मांडीवरची होते, आणि त्या दिवशी त्यांनी मनाशी जे काही ठरवलं त्यात माझं डॉक्टर होणं बहुधा होतंच, कारण मला कोणी कधी विचारल्याचं आठवत नाही. घरात पहाटे बाबांचं रेडिओवर बातम्या ऐकणं, मग आईचं भाकरी थापणं, मग दोघांचं कशावरून तरी वाजणं, असा क्रम होता. दुपारी मात्र सगळं शांत. आई सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची, तांदूळ निवडायची, आणि निवडता निवडता चिमूट चिमूट तोंडात टाकायची. कच्चेच. कुरुकुरु, कुरुकुरु. मी आतल्या खोलीत त्या आवाजावर अभ्यास केला, अगदी शाळेपासून. आवाज सुरू झाला की आम्ही म्हणायचो, "गिरणी चालू झाली." बाबा म्हणायचे, "अर्धं पोतं आपण शिजवून खातो, अर्धं ही कच्चंच संपवते." आई म्हणायची, "तुमच्या बापाचं काय जाते? माह्ये दात, माह्ये तांदूळ." आणि परत कुरुकुरु.

डॉक्टर झाले. पुढचं शिकायचं ठरलं तेव्हा बडे सर भेटले. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. विभागात एक छोटे सर होते म्हणून हे बडे सर, एवढं पुरे. धरमपेठेत बंगला, गळ्यात मे महिन्यातसुद्धा टाय, आणि तारुण्यात आठ महिने एडिनबरात काढलेले. त्या आठ महिन्यांवर त्यांनी पुढची तीस वर्षं काढली. "एडिनबरात असं नसे," हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडायचंच, मग विषय सूक्ष्मदर्शकाचा असो की कँटीनच्या समोशाचा. त्यांनी विद्यापीठाच्या मागे लागून एक योजना मंजूर करून घेतली होती: एकाच विद्यार्थ्याने, एकाच गाइडखाली, एकाच कामावर एम.डी. आणि पीएच.डी. दोन्ही करायचं. पातळ प्रबंध एम.डी.ला, जाड प्रबंध पीएच.डी.ला. या योजनेची पहिली विद्यार्थिनी मी. शेवटचीही मीच.

गाइड म्हणजे काय असतं हे हल्लीच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. संशोधन हा त्या नात्यातला अगदी छोटा भाग होता. सरांच्या बाईसाहेबांना वर्षाची मिरची इतवारीच्या बाजारातूनच लागायची, आणि तीही देठ खुडलेली. ती आणायला मी जायची. हातगाड्यांच्या गर्दीत मिरचीचं पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधून, शिंकत शिंकत धरमपेठेपर्यंत. सरांच्या कुत्र्याला इंजेक्शन मी द्यायची. सरांच्या व्याख्यानाची चित्रं मी काढायची आणि व्याख्यानात टाळ्या पहिल्यांदा मी वाजवायची. बाबा म्हणायचे, "गुरूच्या घरी लाकडं फोडल्याशिवाय विद्या येत नाही." मी म्हणायची, "बाबा, लाकडं फोडायला लावली असती तर बरं होतं, डोळे तरी चुरचुरले नसते."

खरी विद्या दिली ती गणवीरकाकांनी. गणवीरकाका प्रयोगशाळेचे अटेंडंट. शिक्षण सातवी, पण यंत्र नुसतं गुरगुरलं तरी त्याचं काय दुखतं ते त्यांना कळायचं. शीर कशी शोधायची, नळीत रक्त घेताना बुडबुडा कसा टाळायचा, रक्ताचा रंग मोजणारा कलरीमीटर तापेपर्यंत धीर कसा धरायचा, हे मला त्यांनी शिकवलं. "मॅडम, घाई नोका करू. रक्त कुठं पळून नाई जात," असं म्हणायचे. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर बडे सरांना सव्वा पान होतं, आणि गणवीरकाका "इतर सर्व" मध्ये होते.

माझा विषय होता या भागातल्या निरोगी स्त्रियांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन. सरांचं म्हणणं असं, की आपल्या बायका एडिनबराच्या बायकांपेक्षा तसूभरही कमी नाहीत, हे आकड्यांनी सिद्ध करायचं. देशाभिमानच म्हणा ना. अडचण एकच होती. इस्पितळात आजारी माणसं हवी तेवढी मिळतात, निरोगी कुठून आणायची? त्यासाठी आमच्या विभागात रीत होती: प्रत्येकाने आपापले "नॉर्मल" घरून आणायचे. आई, बहीण, वहिनी, शेजारीण, भांडेवाली, जी धडधाकट चालतेबोलते ती नॉर्मल. मानधन एक केळं आणि ग्लुकोजचं बिस्किट. त्यामुळे विभागातल्या कोणाचं लग्न ठरलं की बाकीचे पहिला प्रश्न विचारायचे, सासरी बायका किती?

एका रविवारी मी आमच्या ओट्यावर नॉर्मल जमवले. गल्लीतल्या बारा-तेरा बाया लुगडं सावरत, एकमेकींना ढकलत बसल्या होत्या. आईने सगळ्यांसाठी गोळाभात केला होता. बिस्किटावर कोणाला परत पाठवायचं तिला पटत नव्हतं. "घरी बलावून रक्त काढून घेतं अन् केळं हातावर ठेवतं? लोक काय म्हणतीन?" सगळ्यांना वाढून झाल्यावर सगळ्यात शेवटी ती स्वतः हात पुढे करून बसली. तव्यासारखा गरम हात, पण शीर सापडेना. "आई, हल जरा, उजेडात ये," असं मी खेकसले. रक्त आलं ते नळीत फिकं दिसलं. कापसावरचा डागही फिकाच. पत्र्याखालच्या उजेडाचा दोष असेल म्हणून मी बूच लावलं. आईने दंड चोळत विचारलं, "झालं? मले वाटलं लय दुखते." मग ती उठली, पातेल्याला चिकटलेला भात खरवडून जेवली आणि भांडी घासायला बसली.

आता सरांची मुख्य करामत सांगते. एडिनबरात ते एक गोष्ट खरोखरच शिकले होते: तपासणाऱ्याला नमुना कोणाचा ते कळता कामा नये, नाहीतर माया आड येते. म्हणून नमुने आणले की गणवीरकाका त्यांच्यावरची नावाची चिठ्ठी काढून नंबर लावायचे. नंबर आणि नावांची यादी त्यांच्या खणात कुलपात, आणि किल्ली कमरेच्या करदोट्याला. यादी उघडायची ती अगदी शेवटी, तक्ते भरताना. मी नुसता नंबर बघायची आणि आकडा लिहायची. पद्धत उत्तम होती. आजही मी तिला नावं ठेवणार नाही.

आकडे मात्र शहाण्यासारखे वागेनात. पुस्तकात तेरा, आणि माझ्या वहीत दहा, नऊ, साडेआठ, पुन्हा नऊ. मी वही घेऊन सरांकडे गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि लाल पेन्सिल उचलली. "मिस प्रमिला, आपला विषय काय आहे?"

"निरोगी स्त्रियांचं हिमोग्लोबिन, सर."

"मग साडेआठवाली निरोगी कशी असेल? ही नॉर्मल नाहीच. बाद." त्यांनी रेघ मारली. "हीसुद्धा बाद. आणि हे काय, नंबर एकतीस, पाच पूर्णांक आठ? ही बाई चालत आली होती?"

"माहीत नाही सर. नंबर आहे."

"पाच पूर्णांक आठ असलेली बाई चालत येत नसते, तिला आणावं लागतं. तुम्ही नमुना पातळ केलात. किंवा यंत्र बिघडलं. मारा रेघ."

मी पेन्सिल घेतली आणि रेघ मारली. सरळ, पट्टी लावून. माझ्या अक्षराचं आणि रेघांचं विभागात फार कौतुक होतं. हळूहळू मलाच सवय झाली. बाराच्या खालचा आकडा दिसला की सरांना विचारायचीसुद्धा गरज उरली नाही, हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जायचा. बाद करता करता वर्षाअखेर सरासरी तेराला दशांश चिन्हासकट येऊन टेकली. सर इतके खूश झाले की त्यांनी मला चहा दिला, स्वतःच्या कपात.

या सगळ्या काळात घरी काय चाललं होतं ते मला आज स्वच्छ दिसतं. आईला ओट्याची पायरी चढताना धाप लागायची, ती मध्येच भिंतीला हात लावून उभी राहायची. बाबा म्हणायचे, "वय झालं आता." पन्नाशीसुद्धा नव्हती हो तिची! ती सणसणीत उन्हातून आल्यासारखी रोज दमलेली असायची आणि मी म्हणायची, "आई, दुपारी जरा पड ना." पडून काय होणार होतं? पडायच्या ऐवजी ती सूप घ्यायची. गिरणी पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालायला लागली होती, एवढं मात्र मला कळलं होतं, कारण प्रबंध लिहिताना व्यत्यय यायचा. एकदा मी ओरडलेसुद्धा, "आई, बंद कर नं वं ते कुरुकुरु! मले सुचून नाई राहिलं." आई बिचारी सूप घेऊन मागच्या दारी गेली.

प्रबंध सादर करायला आठ दिवस उरले तेव्हा गणवीरकाकांनी खण उघडला. वयं आणि वजनं तक्त्यात भरायची होती. काका यादी वाचत होते, मी वहीत बघून एक तर लिहीत होते, नाहीतर "बाद" म्हणत होते.

"एकोणतीस, रामटेकेबाई, तुमच्या गल्लीतल्या."

"बाद."

"तीस, त्यायची सून."

"अकरा पूर्णांक नऊ. बाद."

"एकतीस, तुमच्या मातोश्री."

"बाद," मी म्हणाले. "बत्तीस?"

काका बत्तीस वाचेनात. मी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. लाल रेघ पट्टी लावून मारलेली होती, तिच्याखाली पाच पूर्णांक आठ नीट वाचता येत होतं. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"नाव मले माहीत होतं, आकडा तुमाले," काका म्हणाले. "दोनी एका जागी याले नोको म्हणूनच तं बडे सरनं कुलूप लावलं ना, मॅडम."

मेडिकल कॉलेजपासून प्रताप नगरपर्यंत मी सायकल कशी मारली मला ठाऊक नाही. आई मागच्या दारी होती, सूप मांडीवर, गाल भरलेला. मी तिचा चेहरा धरला आणि खालची पापणी ओढली. वॉर्डात मी दिवसातून चाळीस बायकांच्या पापण्या ओढायची. ते तर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. घरी एकदाही ओढली नव्हती. आतून पांढरीफटक, रक्ताचा मागमूस नाही. आई घाबरून म्हणाली, "अवं माय, काय झालं वं? डोळ्यात काई गेलं का माह्या?"

मी बडे सरांकडे धावले. खरं सांगते, त्या माणसाने अर्ध्या तासात वॉर्डात खाट मिळवून दिली, स्वतः फोनवर ओरडून. ते मी विसरणार नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी वही मागून घेतली, एकतीस नंबरवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंत? आपण बाद केलं ते बरोबरच होतं. ही बाई पेशंटच निघाली!"

रक्त गणवीरकाकांनी दिलं. बाबांचा गट जुळत होता, पण बाटली बघूनच ते खाली बसले. वॉर्डातल्या डॉक्टरने आईला विचारलं, "बाई, माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खायची इच्छा होते का?" रक्तातलं लोह संपलं की माणसाला असलं खावंसं वाटतं. हा प्रश्न मी स्वतः पोरांना तोंडी परीक्षेत विचारायची आणि न येणाऱ्याला शून्य द्यायची. आईने माझ्याकडे अभिमानाने बोट दाखवलं. "तांदूळ खाते जी मी. पयलेपासून. माह्या पोरीले सारं माहीत हाये, थे डाक्टर हाये." मी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले. जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

निदान अगदी साधं निघालं: पोटात जंत, वर्षानुवर्षं अंगावरून जास्त जाणं, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणं. पंधरा दिवसांनी आई घरी आली, गोळ्या सुरू झाल्या. प्रबंध ठरल्या दिवशी सादर झाला, तेराच्या सरासरीसकट. मी तो अडवला नाही. बाबांनी इतवारीच्या पेंटरकडून पाटी आधीच रंगवून आणली होती, दोन्ही पदव्या घालून, आणि ती दारामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मी क्रांती वगैरे करणारी नव्हते. पाटीच्या पाठीकडे बघत रोज अभ्यास करणारी होते. एवढंच झालं, की बाद केलेल्या बायकांची मी एक वेगळी वही केली. मोजल्या तर एक्केचाळीस भरल्या. ठेवलेल्यांपेक्षा जास्त.

तोंडी परीक्षा तीन महिन्यांनी, ऐन उन्हात. बाहेरगावचे परीक्षक पहाटेच्या गाडीने आले होते. सरांनी त्यांना तर्री-पोहे खिलवले होते, संत्र्यांची पेटी स्टेशनवर जायला बांधून तयार होती, आणि कूलरसमोर परीक्षकांचे डोळे मिटायला लागले होते. सरांनी मला आधीच पढवून ठेवलं होतं: वगळलेल्यांबद्दल विचारलं तर सांगायचं, काही बायकांनी सहकार्य केलं नाही. परीक्षकांनी पानं उलटली. "सुरेख आकडे आहेत. अगदी पुस्तकातल्यासारखे. कोणाला वगळलं होतं का?"

बडे सर खाकरले. मी पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आणलं. सहकार्य केलं नाही! दंड पुढे करून बसलेली, गोळाभात वाढणारी, सूप घेऊन मागच्या दारी गेलेली ती. मला इतका राग आला, सरांचा आणि त्याहून स्वतःचा, की आवाज चिरकला.

"हो सर. एक्केचाळीस जणींना."

परीक्षकांचे डोळे उघडले. "का? आजारी होत्या?"

"तसं कोणी म्हटलं नव्हतं सर. स्वयंपाक करत होत्या."

परीक्षक खुर्चीत सरळ बसले. मग परीक्षकांनी विचारलं, त्यांचे आकडे आहेत का. मी पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी ती बराच वेळ वाचली आणि बडे सरांना म्हणाले, "प्रबंध हा आहे. तो दुसरा सुशोभित आहे." पण तेही याच व्यवस्थेतले. एम.डी. देऊन टाकली. पीएच.डी.साठी सगळ्या बायका आत घेऊन पुन्हा लिहावं, गाइडच्या सहीने सादर करावं, असा शेरा मारला, आणि संत्र्यांची पेटी घेऊन गाडीला गेले. बडे सरांनी सही केली नाही. त्या दिवशी नाही, आणि निवृत्तीपर्यंत नाही. "बाद झालेला खेळाडू पुन्हा मैदानात येत नसतो, मिस प्रमिला," असं म्हणाले, आणि त्यानंतर मिरची आणायला त्यांनी दुसरा विद्यार्थी धरला. माझा पातळ प्रबंध अजून त्या ग्रंथालयात आहे. मध्यंतरी एका पोराने त्यातला तेराचा आकडा स्वतःच्या प्रबंधात घेतलेला मी पाहिला. मी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्या दिवशी मी दुपारी अडीचलाच घरी आले. कितीतरी महिन्यांत दुपारची घरी नव्हते. बाबा कामावर होते, पाटी दारामागेच होती. आई उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी आतल्या खोलीत जाऊन बसले, चप्पलसुद्धा न काढता. काहीतरी चुकत होतं, काय ते कळेना. पाणी प्यायले. मग लक्षात आलं. सुपात तांदूळ सरकल्याचा आवाज येत होता, खडे वेचून टाकल्याचा येत होता, आणि बाकी काही नाही. घर गप्प होतं. मी तिथंच बसून ढसाढसा रडले. रेघ मारताना रडायला हवं होतं ते तेव्हा रडले.

आई धावत आली. धावत, न थांबता, भिंतीला हात न लावता. "काहून वं रडून राहिली? नापास झाली का?"

"अर्धी पास झाली."

"अर्धी तं अर्धी. रडाले काय झालं मंग?"

"आई, तू तांदूळ खाऊन नाई राहिली?"

आईने सुपाकडे पाहिलं, जणू तिच्याही तेव्हाच लक्षात आलं. मग लाजल्यासारखी हसली आणि पदराने माझं तोंड पुसलं.

"खाल्ले होते परवा दोन दाणे," ती म्हणाली. "आता मजा नाई येत वं. कच्चे लागतेत."